पुढचे तीन दिवस

(दृश्य: भारताचा नकाशा. उपविभाग एकेक करून रंगत जातात.)

होळी झाली की थंडी गेली, असं आपण म्हणतो. हवामानाचा नकाशा ते मानत नाही. मार्चच्या मध्यात एकाच सकाळी काश्मीर-हिमाचलच्या उंच भागांत बर्फाचा इशारा असतो, झारखंड-बंगालमध्ये वादळी वाऱ्यांचा, विदर्भात गारपिटीचा आणि कोकणात उष्णतेचा.

(दृश्य: दिल्ली, लोधी रोड, मौसम भवन.)

भारतीय हवामान विभाग, स्थापना १८७५. हवामानासाठी पाडलेले देशाचे ३६ उपविभाग. त्यांतले चार आपले. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. सकाळी ८.३०ची निरीक्षणं देशभरातून येतात आणि पुढच्या दिवसांचं चित्र पुन्हा मांडलं जातं. जूनमध्ये सगळ्यांची नजर मान्सून कुठवर पोचला यावर असते. वसंतात असा एकच नायक नसतो, म्हणूनच हा अंदाज जास्त किचकट.

भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तानमार्गे पश्चिमी चक्रावात येतो. हिमालयावर तो बर्फ टाकतो. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून आलेली ओली हवा मध्य भारताच्या तापलेल्या जमिनीवर पसरते, आणि वर मात्र थंड, कोरडे वारे. दुपारनंतर ढग उभेच्या उभे वाढतात. मार्चमध्ये गोठणबिंदूची पातळी, म्हणजे तापमान शून्यावर येतं ती उंची, मे-जूनपेक्षा खाली असते, त्यामुळे गार वाटेत पूर्ण विरघळत नाही. २०१४मध्ये फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट होत राहिली. ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्षं, सगळंच आडवं झालं.

(दृश्य: तासगाव, सांगली जिल्हा. बेदाण्याचं शेड, जाळीचे रॅक.)

हे शेड बघा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेले हिरवे घड जाळीवर पसरलेत. डोक्यावर छप्पर, बाजू उघड्या. बेदाणा उन्हात नाही, सावलीत, वाहत्या कोरड्या हवेत वाळतो. साधारण पंधरवडा लागतो. मध्येच ओल लागली की बेदाणा काळा पडतो आणि भाव कोसळतो. मोबाईलवर यलो अलर्ट आला. ताडपत्री सोडायची का? सोडली तर वारा अडतो, वाळण लांबते. नाही सोडली आणि शिरवं आलं, तर मालच गेला.

अलर्टखाली लिहिलंय, ‘तुरळक ठिकाणी’. याचं माप ठरलेलं आहे: उपविभागातल्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के. ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५पर्यंत. मध्य महाराष्ट्र उपविभाग उत्तरेकडच्या जळगावपासून दक्षिणेला कोल्हापूरपर्यंत. त्यातलं तुरळक ठिकाण तासगाव असेल की नाही, हे तीन दिवस आधी कुणी सांगू शकत नाही. सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणतो लक्ष ठेवा, नारिंगी म्हणतो तयारीत राहा, लाल म्हणतो आता हला. बातम्यांत मात्र पिवळ्यालाही लालची पट्टी लागते.

(दृश्य: रिकामा रस्ता, दुपार.)

उष्णतेला आवाज नसतो, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात पारा किमान ४०वर हवा, आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी चढलेला. किनाऱ्यावर ३७ पुरतात. २०२२चा मार्च हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा भरण्याआधीच सुकला. १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली.

(दृश्य: पूर्वेकडचं आकाश, संध्याकाळ.)

छोटा नागपूरच्या पठारावर उठलेली कालबैसाखी, म्हणजे उन्हाळ्यातलं विजांचं वादळ, संध्याकाळपर्यंत बंगालवर धडकते. उत्तरेत धुळीचं वादळ. मे २०१८च्या सुरुवातीला उत्तर प्रदेश-राजस्थानात अशा वादळांनी एका रात्रीत शंभराहून अधिक बळी घेतले.

(दृश्य: हरभऱ्याचं शेत, दूर काळे ढग.)

तीन दिवसांच्या अंदाजानंतर उरतो तीन तासांचा, नाऊकास्ट. शिवाय पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडत असेल तर मोबाईलवर कळवतं. झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत जा, असं त्यात सांगितलेलं असतं. गावापासून दोन किलोमीटरवर हरभरा उपटणाऱ्या बायकांना पक्की इमारत गाठायला अर्धा तास चालावं लागतं.