आधी मोजा, मग भागा

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात हॉल भरलाय म्हणजे विषयात पत्ते आहेत हे वाचूनच आलाय सगळे. आधीच सांगतो, मी गणित शिकवतो, जुगार नाही, आणि इथनं उठून डायरेक्ट घाट उतरून मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जायचा कुणाचा बेत असेल तर त्यानं निदान शेवटपर्यंत बसावं, त्याचेच पैसे वाचतील.

आता रमी, तीन पत्ती, मेंढीकोट इथं कुणाला शिकवायला नको. समोरच्यानं कुठली राणी उचलली, कुठला गुलाम टाकला हे तुम्ही ध्यानात ठेवताच की. पण ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे 21 च्या वर न जाता कॅसिनोच्या डीलरपेक्षा जास्त बेरीज करायच्या खेळात, काउंट करणारा माणूस म्हणजे सहा कॅट पाठ असलेला कुणीतरी जादूगार असं जे लोकांना वाटतं ना, तसलं काही नसतंय, तो बिचारा डोक्यात फक्त एकच आकडा धरून बसलेला असतो. सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे हाय-लो, हार्वी डब्नर यांनी 1963 मध्ये मांडलेली. दुर्रीपासून छक्कीपर्यंत पत्ता पडला की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी पडली तर सोडून द्या. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का पडला की उणे एक. एका कॅटमध्ये लहान 20, मोठे 20, मधले 12, म्हणून सगळा कॅट संपला की बेरीज शून्य. याला म्हणायचं रनिंग काउंट.

पण लहान पत्ते गेले तर आपल्याला आनंद का? डीलरला स्वतःची अक्कल वापरायला परवानगी नाही, 16 किंवा कमी असतील तर त्याला पत्ता घ्यावाच लागतो, आणि अशा वेळी पंजी, छक्की त्याला वाचवतात, मोठा पत्ता त्याला 21 च्या वर घालवतो. शिवाय पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचा पत्ता (दश्शी, गुलाम, राणी, राजा, सगळे दहाचेच) एकत्र आला की त्या हातालाही ब्लॅकजॅकच म्हणतात, तो डीलरलाही तेवढाच येतो, पण त्याला आला तर तुमचे 100 जातात आणि तुम्हाला आला तर चांगल्या टेबलवर 150 मिळतात. काही टेबलवर 120 च देतात, तिथं बसूच नका, पुढचं सगळं व्याख्यान तिथं वाया आहे. सगळ्यात जास्त फरक पाडणारा पत्ता एक्का नाही बरं का, पंजी! एडवर्ड थॉर्प या गणितज्ञांनी अमेरिकेतल्या एमआयटीत आयबीएम 704 कॉम्प्युटरवर ही आकडेमोड केली, 1961 मध्ये पेपर, 1962 मध्ये पुस्तक, आणि त्यांची सुरुवातीची एक पद्धत नुसत्या पंज्या मोजायची होती.

आता मुख्य मुद्दा, आणि इथंच निम्मी लोकं घसरतात. रनिंग काउंट अधिक आठ झाला, भारी वाटलं, बेट वाढवली. थांबा की जरा! एक चमचा मीठ वाटीभर तांबड्या रश्शात पडलं तर तोंडात धरवत नाही आणि तेच लग्नाच्या पातेल्यात पडलं तर आचाऱ्यालाही कळत नाही. सहा कॅटचा, म्हणजे 312 पत्त्यांचा शू (पत्ते वाटायचा डबा) आहे, एकच कॅट संपलाय, पाच शिल्लक: आठ भागिले पाच, 1.6. तोच आठ दीड कॅट शिल्लक असताना आला तर 5.3. हा भागाकार म्हणजे ट्रू काउंट. शिल्लक किती हे कुणी सांगत नाही, वापरलेले पत्ते ज्या ट्रेमध्ये पडतात त्याची उंची बघून अंदाज बांधायचा, अर्ध्या कॅटपर्यंत जमला तरी लई झालं.

आकडे बघा. बेसिक स्ट्रॅटेजी, म्हणजे कुठल्या हाताला पत्ता घ्यायचा आणि कुठं थांबायचं याचा गणितानं काढलेला तक्ता, चोख खेळली तरी कॅसिनोकडं साधारण अर्धा टक्का फायदा असतो. ट्रू काउंट एकनं वाढला की ढोबळमानानं अर्धा टक्का तुमच्याकडं सरकतो. म्हणजे एकवर बरोबरी, दोनवर कुठं अर्धा टक्का आपला. तीन झाला की इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा उघडा पत्ता एक्का असताना त्याला ब्लॅकजॅक येईल यावरची वेगळी बेट, घेणं परवडतं, एरवी ती बेट म्हणजे कॅसिनोला देणगी. भागाकाराचा कंटाळा असेल तर केओ नावाची पद्धत आहे, तिच्यात सत्तीलाही अधिक एक देतात आणि भागत बसत नाहीत, पण मला विचाराल तर भागायला शिका.

मागनं कुणीतरी विचारलं, काउंट वर गेला म्हणजे आता मोठा पत्ता येणारच ना? नाही ओ! ट्रू काउंट अधिक चार म्हणजे 52 पत्त्यांत सरासरी 22 मोठे आणि 18 लहान, बस एवढंच, लहान पत्ता यायची शक्यता तिथंच बसलेली असते. आणि गंमत बघा, चार कॅट शिल्लक, रनिंग आठ, ट्रू दोन. अजून एक कॅट वाटला तर रनिंग सरासरीनं सहावर येतो, कॅट तीन राहिले, ट्रू परत दोनच. शूच्या शेवटाला वसुली होणार म्हणून थांबणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवा.

नशिबाचं वजन पण ऐका. एका हाताचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे नशिबानं सरासरीपासून वरखाली होणारा हेलकावा, साधारण 1.15 बेट. तुमची आघाडी एक टक्का धरली तर 100 हातांत कमाई एक बेट आणि हेलकावा साडेअकरा बेटचा! सारख्याच बेटनं खेळलात तर कमाई आणि हेलकावा बरोबरीला यायलाच 13 हजारांवर हात लागतात. म्हणून थॉर्प नंतर शेअर बाजारात गेले त्यात मला नवल वाटत नाही.

काका, तुमचा प्रश्न पकडले जाण्याचा ना? नुसत्या डोक्यानं मोजणं अमेरिकेत गुन्हा नाही, मशीन वापरलं तर नेवाडात गुन्हा आहे. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं 1982 मध्ये केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूच्या केसमध्ये सांगितलं की मोजतो म्हणून कॅसिनोनं स्वतःच्या मर्जीनं बाहेर काढायचं नाही. पण कॅसिनोवाल्यांना कोर्टाची गरज काय, ते मध्येच पत्ते पिसतात, नाहीतर प्रत्येक हातानंतर पत्ते परत आत घेणारं पिसायचं मशीन लावतात. मोबाइलवरच्या गेममध्ये तर बहुतेक दर हाताला नवा कॅट, तिथं मोजून काय करणार?

बरं, टेबलावर कॅट ठेवलेत, जोकर काढलेत. एक पत्ता न बघता बाजूला ठेवा आणि बाकीचे 51 मोजा. शेवटी अधिक एक आला तर लपवलेला पत्ता मोठा, उणे एक तर लहान, शून्य तर सत्ती, अठ्ठी, नव्वीतला. अर्ध्या मिनिटात जमायला पाहिजे. चला, पुढच्या रांगेपासनं सुरू करा.