शिट्टी रविवारची

पॅरिस, 1924 चं ऑलिम्पिक. 6 जुलै, रविवार. आज 100 मीटरच्या हीट्स, म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्या आहेत आणि ज्याच्याकडून मेडलची आशा होती तो स्कॉटलंडचा एरिक लिडेल मैदानावर नाहीच, तो चर्चमध्ये आहे. रविवार देवाचा वार, त्या दिवशी आपण धावणार नाही, हे त्याने काही महिने आधीच सांगून टाकलेलं आणि मग सगळी मेहनत 200 आणि 400 वर घेतली. 200 मध्ये ब्राँझ मिळालं. शुक्रवारी 400 ची फायनल, डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, हात कसेही फिरतायत... 47.6 सेकंद, गोल्ड!

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहितीये. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

पुढच्याच वर्षी तो चीनला गेला, तिआनजिनला, त्याचा जन्मच तिथला, आणि मिशनच्या कॉलेजात सायन्स शिकवायला लागला, पोरांना मैदानावर न्यायला लागला. खेळ, शिक्षण, श्रद्धा असे वेगळे तास त्याच्या आयुष्यात नव्हतेच हो, वर्गात जो माणूस तोच ट्रॅकवर आणि तोच प्रार्थनेला. मग युद्ध आलं. 1943 मध्ये जपान्यांनी त्याला चीनमधल्याच वेइशियनच्या कॅम्पात डांबलं. तिथे आईबापांपासून तुटलेली कितीतरी शाळकरी मुलं होती. लॅब नाही, साहित्य नाही, तर हा केमिस्ट्रीची उपकरणं कागदावर काढून शिकवायचा. पोरं त्याला अंकल एरिक म्हणायची. 21 फेब्रुवारी 1945 ला, 43 व्या वर्षी, ब्रेन ट्यूमरने तो तिथेच गेला, कॅम्प सुटायला अजून सहा महिने होते.

पण त्या कॅम्पातला एक रविवार सांगायचाच आहे. कोंडून कंटाळलेल्या पोरांना रविवारी हॉकी खेळायची होती, लिडेल नाही म्हणाला, पोरं रेफ्रीशिवाय खेळली आणि मॅचची पार मारामारी झाली. आता कोणी म्हणेल शेवटी त्याची श्रद्धा ढिली पडली, मला तसं अजिबात वाटत नाही, पॅरिसमध्ये सोडायचं होतं ते त्याचं स्वतःचं मेडल होतं, इथे समोर पोरं होती.

पुढच्या रविवारी मॅच झाली. रेफ्री होता लिडेल.