आईच्या आईचं गाव कोणतं?

शलोम, नमस्कार मंडळी!

नातीच्या शाळेत नुकतेच यहुदी बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांवरचे लघुपट दाखवले. पोलंडची आजी, मोरोक्कोची आजी, येमेनहून आलेली आजी. आता मुलांनी आपापल्या घरातल्या बायकांवर तसाच लघुपट करायचा आहे. पोरगी मला विचारते, "आजी, तुझ्या आईची आई कुठल्या गावची?" नाव सांगता आलं. गाव मात्र आमच्या घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून मला चैन नाही.

कारण हा प्रश्न आपल्याला, कोकणातून इस्रायलला आलेल्या मराठी यहुद्यांना म्हणजे बेने इस्रायलांना, नवा नाही. १९६२ साली इस्रायलच्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, तोच विचारला होता. बेने इस्रायलांची लग्नं लावण्याआधी, ते खरे यहुदी आहेत का हे पाहायला, आईची, आजीची, जमेल तितकी मागची पिढी तपासा, असा हुकूम होता. किती अपमान तो! आपली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली. १९६४ साली क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, आपण सर्वार्थाने यहुदी आहोत, असं जाहीर केलं. त्या काळात ज्यांच्या लग्नाला खोळंबा झाला, त्या मुली आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना आपण कधी कॅमेऱ्यासमोर बसवलं?

रब्बींनी संशयाने विचारलं होतं, नात मायेने विचारतेय. तिला तरी उत्तर मिळायला हवं.

आपल्यात यहुदीपण येतं आईकडून आणि आडनाव येतं बापाच्या गावावरून. नवगावकर, पेणकर, रोहेकर. आईचं गाव आडनावात नाही, ते तिच्या बोलण्यातच राहतं. १९०५ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन किंवा कामा हॉस्पिटल सांभाळणाऱ्या डॉक्टर जेरुशा झिराड यांची नोंद पुस्तकांत झाली. पण इथल्या दिमोना गावच्या कापडगिरणीत पाळीपाळीने काम करणाऱ्या बाईचं काय? घरी लहान मूल आणि बाहेर न कळणारी भाषा, हे तिने कसं निभावलं? बिरड्याच्या रोजाला, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या दुःखाच्या उपासाला, तिची आई काय सांगायची? कीर्तनाची वही कुणाच्या हातची?

रागावू नका, पण मेहंदीचं चित्रण आपण तासन्‌तास करतो. मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या, ताटाचे फोटो तर कितीतरी. गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळणाऱ्या बाईला मात्र नारळाचं दूध किती घातलं, एवढंच विचारतो.

आपल्या समाजाच्या मंडळाने हे काम हाती घ्यावं, अशी माझी विनंती आहे. अश्दोद, लोद, बीरशेबा, जिथे जिथे आपल्या आज्या आहेत, तिथे तरुण मुलांना पाठवा. कॅमेरा त्यांच्या खिशातच आहे. पण आज्या मनातलं बोलतात मराठीत, आणि नातवंडं विचारतात हिब्रूत. मध्ये बसायला दोन्ही भाषा येणारी आपली पिढी लागेल. आपल्यातले किती जण एक अख्खी दुपार काढून तिथे बसतील, याची मला फार काळजी वाटते.