मंगळावर गेलेल्या माणसांचं नेमकं झालं काय? ब्रॅडबरीची गोष्ट नीट समजून घेऊया

नमस्कार मंडळी, आज एकच गोष्ट घेतोय आणि शेवटासकट सांगणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी वाचायचीये त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवा, वाचून या, मी आहेच.

अमेरिकन विज्ञानकथा लेखक रे ब्रॅडबरीची ‘डार्क दे वेअर, अँड गोल्डन-आयड’. बरेच जण ही भयकथा म्हणून वाचतात, की मंगळ माणसांना हळूहळू गिळतो वगैरे. मला ते पटत नाही. १९४९ साली एका मासिकात ती पहिल्यांदा छापून आली तेव्हा तिचं नावच वेगळं होतं, ‘द नेमिंग ऑफ नेम्स’. म्हणजे नावं ठेवण्याची गोष्ट. बारशात ठेवतो ना, तशी नावं. हे एवढं डोक्यात ठेवा, बाकीचं आपोआप उलगडत जातं.

आता गोष्ट. हॅरी बिटरिंग, त्याची बायको कोरा आणि तीन मुलं पृथ्वीवरून मंगळावर राहायला येतात. तिथे माणसांची छोटी वस्ती आहे, घरं आहेत, शेत आहे, गाय आहे. हॅरीला मात्र पहिल्या दिवसापासून परत जायचंय. मग बातमी येते की पृथ्वीवर युद्ध पेटलंय, न्यूयॉर्कवर अणुबॉम्ब पडलेत, आता रॉकेट येणार नाही. हिरोशिमाला तेव्हा फक्त चार वर्षं झाली होती हो, वाचणाऱ्याच्या पोटात गोळाच आला असणार. झालं, सगळे अडकले. आणि मग बारीकसारीक गोष्टी बदलायला लागतात, बागेतले गुलाब हिरवे होतात, गवत जांभळं पडतं, गाईला तिसरं शिंग फुटतं.

आणि डोळे. हा प्रसंग सावकाश वाचा. हॅरीला दिसतं की बायकोचे डोळे पिवळे झालेत, तो विचारतो हे कधीपासून, तर ती गोंधळून म्हणते पहिल्यापासून असेच असतील की. तिला खरंच आठवत नाही! भीती बदलाची नाहीये, बदललोय हे आठवतच नाही याची आहे. आणि स्वतःच्या डोळ्यांतले सोनेरी ठिपके हॅरीला त्याच्या आधीच दिसलेले असतात, आरशात.

हॅरी यावर काय करतो? तो ठरवतो की मंगळावर उगवलेलं काही खायचंच नाही, डीप फ्रीजमध्ये पृथ्वीवरून आणलेलं जे आहे तेवढंच खायचं. इथे मला माझे आजोबा आठवतात. परळच्या गिरणीत कामाला होते, गाव सिंधुदुर्गात. मे महिन्यात गावाहून येताना उकड्या तांदळाची गोणी एसटीच्या टपावर टाकून आणायचे, आणि पेज त्याच तांदळाची लागायची, रेशनचा तांदूळ घरात असला तरी स्वतःच्या ताटात घ्यायचे नाहीत. आजी गोणीचं तोंड सुतळीने बांधायची आणि मोजून वाटी काढायची. गणपती होईपर्यंत गोणी अर्धी व्हायची, दिवाळीनंतर तळ दिसायचा. मग काय, रेशनचाच. हॅरीचा फ्रीजपण असाच रिकामा होतो.

आता नावांकडे या. वस्तीवाल्यांनी मंगळाच्या डोंगर-दऱ्यांना आपली नावं दिलीत, रूझवेल्ट, रॉकफेलर, फोर्ड असली. पण ब्रॅडबरी मध्येच अमेरिकेची आठवण काढतो, की तिथे आलेल्या लोकांनी मूळ रहिवाशांची जुनी नावं राहू दिली, मिनेसोटा, युटा, ओहायो. एवढी एकच ओळ, पण गोष्टीची किल्ली तिच्यात आहे. कारण पुढे मुलगा डॅन कालव्यात पोहताना म्हणतो मला आता डॅन म्हणू नका, लिनल म्हणा. मंगळावरचा शब्द त्याच्या तोंडी येतो, कोणी न शिकवता. आणि आई-बाप जास्त भांडत नाहीत, ठेवतात तेच नाव.

आपल्याला हे कळायला अवघड नाही. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी २०१८ साली झालं तरी गाडीत अजून ‘एल्फिन्स्टन आलं का’ ऐकू येतं, आणि सीएसएमटीला व्हीटी म्हणणारे तर घरोघरी आहेत. पाटी एका दिवसात बदलता येते, पण जिभेवरचं नाव आपल्या वेळेनेच जातं, तिथे कुणाचा हुकूम चालत नाही.

थोडं सायन्स, पटकन. कालवे, वारा, पोहायला पाणी हे सगळं तेव्हाच्या समजुतीतलं. १९६५ मध्ये नासाचं मरीनर ४ यान मंगळाजवळून गेलं, फोटो आले, आणि कालवे नाहीत हे नक्की झालं. तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे गोष्ट खोटी पडते का? माझ्या मते जराही नाही, ती मुळात हवेची गोष्टच नव्हती. आणि गंमत बघा, मंगळावर आज खरंच लोणार नावाचं एक विवर आहे, आपल्या बुलढाण्यातल्या लोणारचं नाव. तिकडच्या छोट्या विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं देतात.

शेवट. उन्हाळ्यात सगळे डोंगरातल्या जुन्या मंगळी घरांत राहायला जातात, हॅरी परत जायला बांधायला घेतलेलं रॉकेट अर्धवट टाकून निघतो, परत येऊन पुरं करू म्हणत. येत नाही. मग एक दिवस नवराबायको वरून खाली आपलीच जुनी वस्ती बघतात आणि म्हणतात, कसली विचित्र घरं बांधायची ही पृथ्वीची माणसं, बरं झालं गेली. पाच वर्षांनी नवं रॉकेट उतरतं. वस्ती ओसाड, डोंगरात सावळी, सोनेरी डोळ्यांची माणसं. कॅप्टन लगेच डोंगर-नद्यांना नवी नावं द्यायला बसतो, आणि त्याचा लेफ्टनंट ऐकतच नसतो, तो त्या निळ्या डोंगरांकडे बघत बसलेला असतो.

आजोबा रिटायर झाल्यावर गावी गेले ना, तेव्हा घाटीत, म्हणजे गावातल्या वाटेवर, खेळणारी पोरं त्यांना बघून ओरडली, मुंबैकार इलो, मुंबैकार इलो. चाळीस वर्षं गोणी वाहिलेला माणूस, पायरीवर पिशवी ठेवून तसाच उभा राहिला.