आडवी रेघ, उभी गाडी

(जळगाव इथे विज्ञान शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘वेग-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर कसं?’ तिथे मी येणारच आहे. पण त्याआधी एका मुलीबद्दल सांगतो. तिच्या उत्तरामुळेच मी या आलेखांच्या मागे लागलो.

चाळीसगाव तालुका, नोकरीचं पहिलं वर्ष. फळ्यावर अंतर-काल आलेख काढला: उभ्या अक्षावर बसचं स्टँडपासूनचं अंतर, आडव्यावर वेळ. रेघ चढत गेली, मग थोडी आडवी, मग उतरत खाली अक्षाला टेकली. विचारलं, “बसचं काय झालं?” शेवटच्या बाकावरची मुलगी उठली. “सर, गाडी घाट चढनी, वर थोडी चालनी, मंग उतरनी.” वर्ग हसला आणि मीही हसलो. ‘चूक, बस खाली’ म्हणालो. त्या वर्षी तिनं पुन्हा हात वर केला नाही. हे मला आजही लागतं.

तिच्या बाजूनं बघा ना. कन्नडचा घाट तिनं लहानपणापासून पाहिलेला. फळ्यावरची रेघ हुबेहूब त्या घाटासारखी. आडव्या अक्षाखाली मी ‘काल’ असं लिहिलं होतं, पण तिथे रस्ता नाही, घड्याळ आहे, हे तोंडानं एकदाही बोललो नव्हतो. आणि गंमत बघा, खऱ्या घाटात चढण जितकी खडी तितकी आपली एस.टी. रडतखडत जाते. अंतर-काल आलेखात मात्र रेघ जितकी खडी तितकी गाडी वेगात! पोरांच्या डोळ्यांना जे माहीत आहे त्याच्या नेमकं उलटं आपण सांगत असतो आणि वर म्हणतो, पोरांना आलेख कळत नाहीत.

मला हे कळलं ते माझ्या काकांमुळे. काका भुसावळला रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होते. इथे निम्म्या घरांत कुणी ना कुणी रेल्वेत असतं, तेव्हा तो मोठा तक्ता तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. वरून खाली स्टेशनांची नावं, डावीकडून उजवीकडे तास-मिनिटं. कानाला फोन, हातात पेन्सिल. अमुक गाडी भादलीहून सुटली अशी खबर आली की काका तिची रेघ पुढे ओढायचे. वर जाणारी रेघ एका दिशेची गाडी, खाली येणारी रेघ उलट्या दिशेची. मी एकदा विचारलं, “काका, ही रेघ मध्येच सरळ का झाली?” म्हणाले, “आडवी रेघ म्हणजे उभी गाडी. लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर टाकलीये, मागून मेल येतेय.”

आडवी रेघ, उभी गाडी! चार शब्दांत अख्खा धडा. पेन्सिल उजवीकडे सरकते ती घड्याळामुळे. गाडी हलो न हलो, वेळ हलतेच. आणि रेघ अगदी सरळ उभी काढली तर? काका म्हणाले, “मग ती गाडी एकाच क्षणी भुसावळलाही आहे आणि जळगावलाही.” तसं होऊच शकत नाही. सुरतेकडची लाइन दुहेरी होण्याआधी त्या तक्त्यावर समोरासमोरच्या दोन रेघा एकमेकींना स्टेशनातच छेदायला हव्या होत्या, मधल्या रुळावर छेदल्या तर अपघात. आलेख वाचता येणं हा तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न होता.

म्हणून माझा आग्रह असा की सूत्र नंतर, आधी हा तक्ता. जळगाव ते भुसावळ २४ किलोमीटर धरा, पॅसेंजर मध्ये भादलीला ५ मिनिटं थांबवा. मुलांना रेघ काढू द्या. काढताना एकानं मोठ्यानं मिनिटं मोजायची, पेन्सिल त्या आवाजाबरोबर उजवीकडे. हे आठवडाभर करा. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात पॅरिस–ल्योन गाड्यांचं वेळापत्रक अशाच रेघांनी मांडलं होतं, म्हणजे हा पोरखेळ नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? बरं, पाच.

तर वेग-काल आलेख. इथे काकांचं वाक्य फसतं, आणि ते मुलांसमोरच फसू द्या. उभ्या अक्षावर आता अंतर नाही, वेग आहे. इथली आडवी रेघ म्हणजे एकसमान वेगानं धावणारी गाडी. उभी गाडी दाखवायची तर रेघ थेट शून्यावर हवी.

बस सुटली, १० सेकंदांत शून्यावरून १५ मीटर प्रति सेकंदावर गेली, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. रेघेचा चढ हे त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर: १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुढे २० सेकंद तोच वेग. दर सेकंदाला १५ मीटर, असे २० सेकंद, म्हणजे ३०० मीटर. आता रेघेखालचा आयत बघा: लांबी २०, उंची १५. तोच गुणाकार! क्षेत्रफळ जमिनीचं नाही, चौकटीची एक बाजू सेकंदांची आणि दुसरी मीटर प्रति सेकंदाची, म्हणून गुणाकार मीटरमध्ये येतो. हे वाक्य वर्गात गाळू नका.

सुरुवातीचा त्रिकोण: वेग एकसारखा वाढला, म्हणून सरासरी ७.५, वेळ १०, अंतर ७५ मीटर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा, ७५च येतं. त्रिकोण आणि निम्म्या उंचीचा आयत सारखे, हे चौदाव्या शतकात फ्रान्सच्या ओरेमनं आकृतीनं दाखवलं होतं. १६३८च्या ग्रंथात गॅलिलिओनं पडणाऱ्या वस्तूंसाठी हाच विचार वापरला.

मग ब्रेक. ५ सेकंदांत १५वरून शून्य: ३७.५ मीटर. एकूण ४१२.५. आणि ही रेघ खाली उतरली म्हणून बस मागे आली नाही हो, ती पुढेच जातेय, फक्त मंदावतेय. माझ्या त्या मुलीच्या आलेखात उतरती रेघ म्हणजे परत येणं होतं, इथे नाही. दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढा, तरच हे दिसतं.

रेघ वाकडी असेल तर? आलेखाच्या कागदावर रेघेखालच्या चौकटी मोजा. अर्ध्याहून जास्त भरलेली एक धरा, कमी असेल ती सोडा. भादलीच्या पॅसेंजरचे कोरे तक्ते दाराशी ठेवलेत, जाताना प्रत्येकानं वर्गापुरते घेऊन जा.