चंडीगडची खुर्ची

या खुर्चीचे पाय नीट पाहा. प्रत्येक बाजूला सागाची दोन दांडकी तिरकी वर चढतात आणि हाताच्या पट्टीखाली एकत्र येतात, कंपास उघडून उभा करावा तशी. बैठक आणि पाठ वेताच्या जाळीची. पंजाबातल्या उन्हाळ्यात तासन् तास फायली उपसणाऱ्या कारकुनाची पाठ घामेजू नये, ही सोय त्यात आहे. आणि साग कशाला? वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही.

१९५०चं दशक. पंजाबची नवी राजधानी, चंडीगड, उभी राहत होती. सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ, सगळीकडे हजारो खुर्च्या-टेबलं हवी होती, आणि एवढं सामान तयार मिळणार कुठून? शहराचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए, त्याचा नात्यातला भाऊ, वास्तुकार पिएर जानरे, १९५१मध्ये इथे आला आणि १९६५पर्यंत राहिला. फर्निचरची जबाबदारी मुख्यतः त्याच्याकडे होती. वास्तुकार उर्मिला युली चौधरी यांचाही त्या कामात हात होता, पण त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं.

आराखडे मुद्दाम साधे ठेवले, कारण माल कारखान्यात बनणार नव्हता. कामं स्थानिक सुतारांना वाटून दिली. करवत, रंधा, पटाशी आणि हाताचा अंदाज. म्हणूनच एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर एकीचा पाय जरा जाड भरतो, दुसरीचा हात वेगळा गोलावलेला असतो. मला विचाराल तर या खुर्च्यांची खरी गंमत त्या फरकातच आहे.

मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात खात्याची अक्षरं आणि आकडा. आपल्याकडच्या कचेऱ्यांतला डेडस्टॉक नंबरच तो, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक!

पुढे वेत फाटला, लोखंडी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. या जुन्या गच्चीवर गेल्या, मग भंगाराच्या भावात लिलावात. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, नवा वेत विणून घेतला, आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखांचे भाव आले. कॅटलॉगात जानरेचं नाव ठळक छापतात. रंधा मारणाऱ्यांची नावं तिथे सापडत नाहीत.

२०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने हे सामान विकायला आणि देशाबाहेर न्यायला मनाई केली. परदेशातले लिलाव मात्र चालूच राहिले. आपल्या कायद्यात अशी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात, आणि या खुर्च्यांना अजून तेवढी झालेली नाहीत.