अँटी-सीसीपी वाढलंय? आकड्याच्या मागे नका लागू बाप्पा

नमस्कार मंडळी! लॅबची पीडीएफ व्हॉट्सॅपवर येते, अँटी-सीसीपी (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए या संधिवातात रक्तात सापडणारी अँटीबॉडी) २०० च्या वर, ठळक अक्षरात, बाजूला बाण, आणि घरातले सगळे एकच विचारून राहिले, हे कमी कसं करायचं, कोणता काढा घ्यायचा.

तर पहिले हे ऐका. ही शुगर नाही. अँटी-सीसीपी निदानासाठी असते, एकदा पॉझिटिव्ह आली की त्या टेस्टचं काम झालं. सांधे एकदम मस्त झाले तरी हा आकडा बरेचदा वरच राहतो, म्हणून दर दोन महिन्यांनी तीच टेस्ट करणं म्हणजे पैसे वाया. त्यापेक्षा ईएसआर-सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) करा, आणि डॉक्टर बोटं दाबून सुजलेले सांधे मोजतात ना, ते मोजणं जास्त महत्त्वाचं.

नुसत्या आकड्यावर आरए ठरतही नाही. डॉक्टर आरए ठरवायला वापरतात त्या २०१० च्या निकषांत अँटीबॉडी नॉर्मल मर्यादेच्या तिपटीवर असेल तर १० पैकी ३ गुण, आणि आरए म्हणायला ६ लागतात. बाकीचे गुण किती सांधे सुजले, सीआरपी काय, दुखणं सहा आठवडे झालं का यावरून. आरए फॅक्टर ही दुसरी टेस्ट तर अजूनच बेभरवशाची, वय झालं की, हिपॅटायटिस सी असला की, आरए नसतानाही पॉझिटिव्ह येते. आणि आपल्याकडे चिकनगुनिया! त्यानंतर महिनोन्‌महिने बोटं आखडतात, अगदी आरएसारखी, म्हणून ताप कधी येऊन गेला ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आता आरए पक्का असेल तर? आकडा जास्त म्हणजे सांधे लवकर झिजायची भीती जास्त, म्हणून औषध टाळू नका. बहुतेकांना मेथोट्रेक्सेट मिळतं, आणि इथे कान देऊन ऐका, ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही! रोज घेतली तर रक्तपेशी कमी होऊन जीवावर बेततं. स्ट्रिपवरच पेनानं मोठ्ठं "सोमवार" लिहून ठेवा, फॉलिक अ‍ॅसिड सांगितलेल्या वेगळ्या दिवशी, सीबीसी (रक्तपेशी मोजणारी टेस्ट) आणि लिव्हरची टेस्ट वेळेवर, दारू बंद. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

सिगारेट-बिडी सोडाच, या अँटीबॉडीशी तिचा थेट संबंध आहे. आणि खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा? खर्रा घोटत "मी सिगारेट पीत नाही" म्हणणारे आपल्या नागपुरात कमी नाहीत! अरे पण हिरड्यांची वाट लागते ना, आणि हिरड्यांच्या आजाराचंही आरएशी नातं आहे, तोंडाच्या कॅन्सरचं तर सोडूनच द्या. डेंटिस्टकडे एकदा जाऊनच या.

बरं, "आईला आरए आहे, पोरीचीही टेस्ट करून टाकू का?" असंही विचारतात. तिला काही दुखत नसेल तर नको, उगाच आयुष्यभराची धाकधूक. सकाळी बोटं अर्धा-एक तास आखडून राहिली, बांगडी चढेना, सूज दिसली, की मग मात्र थांबू नका, सरळ रुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर) गाठा.